ताई, तू राहा मागे

१२ ऑगस्ट २००१, रविवार

ही डायरी जानेवारीत नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका टाइल्सवाल्याने दिली होती. तेव्हापासून टीव्हीखाली पडून होती. पहिल्या काही पानांवर ओमने विमानं काढून ठेवली आहेत. आज मीच ती लिहायला घेतली, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला लग्न सोडून दुसरं काही शूट करायला बोलावलंय.

मी नाशिक रोडचा व्हिडिओ शूटिंगवाला. वडील मखमलाबादला शेवंती लावायचे. मीही लावली असती, पण मला फुलांपेक्षा हार घातलेली माणसं बघायची आवड जास्त. हळद, मंगलाष्टकं, पाठवणी, सगळं घेतो. पाठवणी ही माझी खासियत. नवरी नीट रडली नाही की मी म्हणतो, "परत घेऊ." मायलेकींना पुन्हा गळ्यात पडायला लावतो. पहिल्यांदा लाजतात, दुसऱ्यांदा खरंच रडतात, आणि तिसऱ्यांदा मलाच थांबवावं लागतं. माझी कॅसेट बघून शेजारच्या बायकाही डोळे पुसतात, असं लोक सांगतात.

तर आज दिंडोरीचे रंगनाथशेठ घरी आले. द्राक्षबाग आहे, त्यात आता मुलांना दुधातून द्यायची पावडर काढली आहे. मनुका, नाचणी आणि आणखी काय काय. नाव ठेवलंय 'वज्रबाल'. डब्यावर मुठी वळलेला गुटगुटीत मुलगा आहे. दसऱ्यापासून आपल्या केबलच्या लोकल चॅनलवर जाहिरात दाखवायची आहे. सिनेमाच्या मध्ये, रोज.

ओमला बघून म्हणाले, "पोरगा लय गोड हाय तुमचा. गाल बघा. हाच घ्या. परकी पोरं ऐकत नाय."

ओम आठ वर्षांचा आहे, आणि घरातल्याचंही ऐकत नाही. पण मी हो म्हटलं. बायकोने, प्रतिभाने, त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. तिच्या हातचा चहा दुसऱ्यांदा मिळणं सोपं नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

शेठनी गोष्ट सांगितली. बहीण आणि भाऊ शर्यत लावतात. बहीण मोठी, उंच. भाऊ लहान. पण भाऊ वज्रबाल पितो, म्हणून शेवटी तो पुढे जातो. ताई दमून कमरेवर हात ठेवते आणि भावासाठी टाळ्या वाजवते. शेवटी भाऊ कॅमेऱ्यात बघून म्हणतो,

'ताई, तू राहा मागे,
माझ्या अंगी वज्रबाल जागे!'

यमक मी जुळवलं. शेठ खूश झाले.

मी एकदा म्हणून बघितलं, दोघांनाही पाजू का? दोघंही जोरात पळतील, दोघंही खूश. शेठ हसले. "दोघं प्याली तर हरणार कोण? कोणीतरी हरायला पायजे ना, जीवनभाऊ. आन् मी दुकानात बसून बघितलंय, आयाबाया डबा पोरासाठीच घेत्यात. पोरींसाठी पुढं गोरं व्हायचं काहीतरी काढू."

धंद्याची गोष्ट आहे, मला पटलं. तरी जरा अवघड वाटतं, कारण ताई कोण तर आमची निकिता, आणि निकिताला हरवणारा मुलगा त्यांच्या शाळेत नाही. सहावीत आहे. गोरक्ष सर म्हणून तिचे खेळाचे शिक्षक आहेत, ते तिला रोज सकाळी मैदानावर पळवतात. डिसेंबरात पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी आहे. निवड झाली तर राहणं, शाळा, प्रशिक्षण सगळं तिकडेच. सर म्हणतात, नाशिकमधून कुणी जाणार असेल तर ही जाईल. मुलगी एवढी लांब ठेवायची हे मला नको वाटतं. प्रतिभा मात्र ठाम आहे. ती म्हणते, "मला कुणी पाठवलं नाही. हिला पाठवायचं."

निकिताला जाहिरातीचं विचारलं. तिने एवढंच विचारलं, "खरं पळायचं?"

मी म्हटलं, "खरंच पळायचं. फक्त शेवटी हरायचं."

२ सप्टेंबर, रविवार

दिवस वाया गेला. शाळेच्या मैदानावर शूटिंग ठेवलं होतं, शेठ गाडी घेऊन आले होते. निकिता हळू पळाली तरी ओमच्या पुढे. आणखी हळू पळाली तर सरळ कळतं की मुद्दाम हरते आहे. ओम दोनदा पडला आणि एकदा मधेच बसून राहिला. मी सारखा "परत घेऊ, परत घेऊ" करत होतो. शेवटी शेठ म्हणाले, "ही जाणूनबुजून हरतीय. पब्लिक येडं नाय. खरी हरलेली दिसली पायजे."

खरं आहे त्यांचं. नवरीचं रडणं खोटं असलं की मलाही लगेच कळतं.

घरी आल्यावर निकिता पायांची माती धूत बसली. मग म्हणाली, "पप्पा, मला जमत नाही."

एरवी कशालाही जमत नाही न म्हणणारी पोरगी. मला वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, "मी शिकवतो."

९ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर रोज संध्याकाळी दोघांना मैदानावर नेतोय. एक युक्ती काढली. शेवटच्या फितीच्या थोडं अलीकडे मी फक्कीची एक आडवी रेघ मारतो. मैदान आखायची तीच पांढरी फक्की, शाळेच्या शिपायाकडून घेतली. निकिताला सांगितलं, रेघेपर्यंत जीव तोडून पळ. अजिबात हळू व्हायचं नाही. रेघ पायाखाली आली की अंग सैल सोड, खांदे पाड, ओमला जाऊ दे. मग कमरेवर हात, मग हसायचं, मग टाळ्या. ओमला आधीच पुढून सोडतो, म्हणजे रेघेवर दोघं जवळजवळ येतात.

पहिले दोन दिवस तिचे पाय थांबेनात. रेघ ओलांडली की जास्तच जोर लागायचा. "पाय ऐकत नाहीत," म्हणायची. मी ओरडलो नाही. पुन्हा पळायला लावलं. काल जमायला लागलं. आज तर असं केलं की मलाच क्षणभर वाटलं, दमली पोरगी.

मी तिला भेळ खायला नेलं. ओमलाही. तिने स्वतःहून आधी ओमला दिली.

१२ सप्टेंबर, बुधवार

टीव्हीवर सगळीकडे अमेरिकेतल्या त्या पडलेल्या इमारती. आख्खी बिल्डिंग आमच्याकडे बघायला. प्रॅक्टिस बुडली.

१३ सप्टेंबर, गुरुवार

गोरक्ष सर आज मैदानावर भेटले. थोडा वेळ उभे राहून बघत होते. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "काय शिकवताय तिला?"

मी म्हटलं, "अभिनय."

"जीवनराव, मी तिला दीड वर्ष एकच गोष्ट शिकवतोय. शेवटच्या टप्प्यात सोडायचं नाही. तुम्ही नेमकं तेच सोडायला लावताय. ही सवय लागली तर मला मोडता येणार नाही."

मी म्हटलं, "सर, चार दिवसांची तर गोष्ट आहे. मुलं हुशार असतात. शूटिंग काय आणि शर्यत काय, त्यांना कळतं."

सर पेठकडच्या डोंगरातले आहेत, माणूस साधा, पण मनातलं लगेच तोंडावर येतं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. खेळाच्या लोकांना कलेतलं कळत नाही, त्याला इलाज नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

झालं! शेठ, त्यांचा पुतण्या, शाळेचा शिपाई, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निकिता अशी धावत आली, केस मागे उडताहेत, डोळे समोर, आणि रेघेवर आल्यावर काहीतरी विझल्यासारखी मंद झाली. ओम बाजूने गेला. तिने कमरेवर हात ठेवला, धापा टाकत त्याच्याकडे पाहिलं आणि अशी हसली की शेठ म्हणाले, "बहीण असावी तर अशी." टाळ्याही जीव लावून वाजवल्या. मी लग्नात शेकडो बहिणी बघितल्या, इतकं मनापासून भावाकडे बघताना एकही नाही.

शेठनी ओमला उचलून घेतलं आणि वज्रबालचा मोठा डबा त्याच्या हातात दिला.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

मिक्सिंग करतोय. ओमचं पुढे जाणं संथ केलं, मागे ढोल टाकला. निकिताच्या हसण्यावर चित्र थांबवलं. तिथेच डबा येतो.

प्रतिभाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडावर हात ठेवून हसली. आपली पोरं टीव्हीवर बघणं ही काही लहान गोष्ट नाही. मग तिने परत लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा बघताना हसली नाही. म्हणाली, "हिचं हसू जरा जास्तच चांगलं आलंय हो."

मी म्हटलं, "मेहनत आहे त्यामागे."

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा. दुपारच्या सिनेमात जाहिरात लागली. आई मखमलाबादहून सोनं द्यायला आली होती, तिने ओमची दृष्ट काढली. निकिताने विचारलं, "आजी, माझी?" आई म्हणाली, "तुला गं कोण दृष्ट लावतंय, हरलीस ना तू." सगळे हसलो. निकिताही हसली.

४ नोव्हेंबर, रविवार

जाहिरात भलतीच चालली. द्वारकेपासून जेल रोडपर्यंत किराणा दुकानांत वज्रबाल दिसतंय. शेठचे रोज फोन. बिल्डिंगमधली सगळी पोरं जिन्यात ओरडत असतात, "ताई, तू राहा मागे!" कुठल्याही मुलीच्या पुढे गेलं की हेच. काल भाजी घेताना एका बाईचा चिमुरडा स्वतःच्या आईलाच म्हणाला. आईला केवढं कौतुक.

तळमजल्याच्या फुलाबाई सांगत होत्या, त्यांची नात वज्रबालसाठी हट्ट धरून बसली होती. फुलाबाईंनी समजावलं, "अगं, ते पोरांचं औषध हाय. टीव्हीवर दाखवलं नाय का? पोरींनी पिऊन काय करायचं?" नात गप्प बसली म्हणे. आजवर माझ्या कुठल्याच कामाची इतक्या लोकांवर छाप पडली नव्हती. एवढ्याशा घरात सुद्धा माझं चित्र जाऊन पोचलं, हे बघून छाती फुगली.

आमच्याही डब्यावर ओमचाच हक्क आहे. प्रतिभाने परवा निकिताच्या दुधातही चमचा टाकला, तर निकितानेच कप सरकवला. "मम्मी, ओमचं संपेल."

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊबीज. शेठनी मुलांना भेट पाठवली. ओमला बॅट, पॅड, ग्लोव्हज, सगळं किट. निकिताला प्लॅस्टिकचं स्वयंपाकघर, त्यात गॅस, मिक्सर आणि चिमुकला सिलिंडरही आहे. निकिता अकरा वर्षांची, खऱ्या गॅसवर चहा करते. पण शेठला काय माहीत. तिला पळायचे खिळ्यांचे बूट हवे होते, ते मी दिवाळीनंतर बघू म्हटलंय.

तिने ओमला ओवाळलं. ओमने ताटात काय टाकावं, तर त्या जाहिरातीतल्या ओळी म्हणाला. पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

एक गंमत लिहून ठेवतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. शाळेतून आल्यावर दोघं जिना पळत चढतात, आणि दार नेहमी निकिता वाजवायची. आता कित्येक दिवस ओम वाजवतो. निकिता मागून येते. पावडरीत खरंच काही आहे की काय? मीच माझ्या जाहिरातीवर विश्वास ठेवायला लागलो तर कसं व्हायचं.

एकूणच पोरगी समजूतदार झाली आहे. भांडण नाही, हट्ट नाही. रिमोट ओमला देते. जेवायला बसली की ओमचं होईपर्यंत शेवटची पोळी घेत नाही. आई म्हणते, आता मुलीसारखी वागायला लागली. प्रतिभाला मात्र यात काय खटकतं कळत नाही. काल मला म्हणाली, "ती पूर्वी दारावर लाथ मारायची. मला ते आवडायचं."

बायकांचं काही कळत नाही. लाथ मारायची तेव्हा हीच ओरडायची.

९ डिसेंबर, रविवार

आज चाचणी झाली.

आम्ही चौघंही गेलो होतो. जिल्ह्यातून खूप मुली आल्या होत्या. सुरगाण्याकडच्या काही अनवाणी. निकिताला परवाच बूट आणले होते. मी कॅमेरा घेऊन शेवटच्या फितीजवळ उभा राहिलो. स्वतःच्या मुलीचं यश लग्नवाल्याने नाही टिपायचं तर कुणी टिपायचं. मी तिला लांबून हात केला, तिने पाहिलं.

सुटली तशी सगळ्यांच्या पुढे. एवढी पुढे की गोरक्ष सर ओरडायचेच थांबले, नुसते बघत राहिले. मी भिंगातून बघत होतो, चेहरा जवळ जवळ येत होता. शेवटाच्या थोडं अलीकडे लहान गटाच्या शर्यतीसाठी मारलेली फक्कीची आडवी रेघ होती, तिथपर्यंत तिच्या आसपास कुणी नव्हतं.

तिथे ती मंदावली.

एक मुलगी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. निकिता कशीबशी आली. कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. मग तिने त्या पुढे गेलेल्या मुलींसाठी टाळ्या वाजवल्या. प्रतिभा पदराने तोंड झाकून मैदानाबाहेर निघून गेली.

पोटात कळ आली असणार. मी तिला विचारलं, दुखतंय का कुठे. ती म्हणाली, नाही.

१० डिसेंबर, सोमवार

कॅसेट परत परत लावून बघितली. पोटावर हात नाही. पाय मुरगळल्याचं दिसत नाही. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नाही. उलट शेवटी ती सरळ माझ्या कॅमेऱ्यात बघून हसते आहे. फार सुंदर हसते आहे.

नवे बूट चावले असतील. सगळ्यात जवळचं कारण तेच दिसतं. आणि हरल्यावरही दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवणारी मुलगी आहे माझी, हे काही कमी नाही. प्रतिभाला असं म्हटलं तर ती उठून आत गेली. कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

१४ डिसेंबर, शुक्रवार

गोरक्ष सर घरी आले. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांनी निवड समितीच्या लोकांना रोजच्या सरावातली तिची वेळ दाखवली, हातापाया पडले. तेवीस तारखेला मुलांची चाचणी आहे, तेव्हा तिला एकदा मुलांबरोबर पळवून बघायला ती माणसं तयार झाली आहेत. कितवी आली ते बघणार नाहीत, फक्त तिची वेळ बघणार.

"शेवटची संधी आहे," सर म्हणाले. "यानंतर माझ्या हातात काही नाही. दोन गोष्टी करा. एक, कॅमेरा घरी ठेवा."

मला राग आला. "कॅमेऱ्याचा काय संबंध?"

प्रतिभा दारात उभी होती, ती म्हणाली, "दुसरी?"

"दुसरी अशी, की तिला घरातून सांगा, पुढे गेलीस तरी चालेल. मी सांगून उपयोग नाही, मी रोज सांगतो. ज्याने मागे राहायला शिकवलं त्याने सांगायला पाहिजे."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला मी गेलो नाही. माझ्याच घरात बसून मला शिकवायचं म्हणजे अती झालं. मी काय मुलीचा वैरी आहे? तिचा जन्म झाला तेव्हा आईने तोंड फिरवलं होतं. मी पेढे वाटले होते, जिलेबी नाही. पेढे.

१८ डिसेंबर, मंगळवार

शेठचा फोन. नवीन काम. त्यांच्या मेहुण्याने मुलींसाठी भातुकलीचे सेट काढले आहेत. निकिताच पाहिजे म्हणतात, "ती हसणारी." भाऊ जिंकून घरी येतो आणि ती त्याला भातुकलीतला चहा देते. शूटिंग तेवीसला.

मी सांगितलं, तेवीसला जमणार नाही, पुढच्या रविवारी करू. शेठ नाराज झाले. आता कुणी म्हणू नये की मी मुलीसाठी काही केलं नाही.

निकिताला दोन्ही सांगितलं. तिने विचारलं, "शूटिंग आधी नाही करता येणार?"

"का गं?"

"तिथे मला येतं."

२२ डिसेंबर, शनिवार

उद्या चाचणी. प्रतिभाने आज स्वतःहून तोंड उघडलं. "सांगितलं का तिला?"

मी म्हटलं, "उद्या वाटेत सांगतो."

दिवसभर चार वेळा तरी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती बुटांच्या नाड्या ओवत होती. काय सांगायचं? पुढे गेलीस तरी चालेल? म्हणजे आजवर चालत नव्हतं असा अर्थ झाला. असं मी तिला कधी बोललेलो नाही. नाटकातलं नाटकात. उगाच नसलेली गोष्ट तिच्या डोक्यात घालायची, नेमकी शर्यतीच्या आदल्या दिवशी. मी आपलं विचारलं, भूक लागली का?

मला तिची भीती वाटते की काय, असं एकदा मनात आलं. स्वतःच्या मुलीची कसली भीती.

२३ डिसेंबर, रविवार

मी आणि निकिता दोघंच गेलो. प्रतिभा म्हणाली, मला परत बघवणार नाही. ओमला ताप होता.

स्कूटरवर ती मागे बसली होती. थंडी होती, तिचे हात माझ्या स्वेटरच्या खिशात. मी तिला पुण्याचं सांगितलं. तिकडे लाल मातीचं मैदान असतं, पहाटे उठवतात, दर महिन्याला आम्ही भेटायला येऊ. तिने विचारलं, ओमही येईल का? मी म्हटलं, येईल. द्वारकेच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मग सिग्नल सुटला. म्हटलं, एवढी साधी गोष्ट, तिला काय कळत नाही?

गोरक्ष सरांनी मला नुसतं पाहिलं. मी दोन्ही रिकामे हात दाखवले. कॅमेरा घरीच ठेवला होता. त्यांनी मान हलवली. आज मैदानावर आडवी रेघही नव्हती, सरांनी सकाळी येऊन पायांनी पुसून टाकली होती म्हणे.

तिला तीन मुलांबरोबर उभं केलं. त्यातला एकजण तिला ओळखून हसला आणि हळूच म्हणाला, "ताई, तू राहा मागे." समितीतल्या एकाने त्याला दटावलं. निकिता त्याच्यावर चिडली नाही, काहीच नाही. मान डोलावली, कुणी काम समजावून सांगितल्यावर डोलावतो तशी.

शिट्टी झाली. ती सुटली आणि दहा पावलांत तिघांच्याही पुढे. मला रडूच आलं. किती दिवसांनी मी तिला अशी नुसत्या डोळ्यांनी बघत होतो. माझी पोरगी वाऱ्यासारखी येत होती आणि मी मनात म्हणत होतो, ये, ये, ये. मला वाटलं, ओरडावं. पण सगळे शांत उभे होते, आणि मी ओरडलो नाही.

मग तिने मला पाहिलं. मी फितीच्या पलीकडे उभा होतो, नेहमी उभा राहतो तसा. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे खांदे खाली आले. एक मुलगा गेला. दुसरा गेला. तो हसणारा सगळ्यात मागे होता, त्याच्यासाठी तिला जरा जास्तच थांबावं लागलं, ती थांबली. तो गेल्यावर ती आली.

कमरेवर हात. हसू. टाळ्या.

समितीच्या माणसाने हातातलं घड्याळ बंद करून खिशात ठेवलं. गोरक्ष सर मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. पण निकिता धापा टाकत सरळ माझ्याकडे आली. गाल लाल झाले होते, घाम डोळ्यांत गेला होता. माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती.

"बरोबर आलं ना, पप्पा?"

माझ्या तोंडून निघालं, "बरोबर आलं."

तिचा जीव भांड्यात पडला. मला बिलगली. मी तिथेच उभा राहिलो. आजूबाजूला पुढच्या गटाची मुलं रांगेत लागत होती. काय झालंय ते मला समजलं, असं मी इथे लिहू शकत नाही. थोडं समजलं. पण तिला खरं सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की मला ते जमलं नाही.

घरी आलो. प्रतिभाने दार उघडलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, खाली वाकून निकिताचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "पप्पांनी तुला सांगितलं का गं?"

निकिता आनंदात होती. म्हणाली, "हो. पप्पा म्हणाले, बरोबर आलं."

प्रतिभा हळूहळू सरळ झाली. निकिता आत ओमचा ताप बघायला गेली. मी दारातच बसून बूट काढत राहिलो.